काळी-पिवळीत वाढलेल्यांनी किरगिझस्तानात शेअर टॅक्सी कशी धरायची

मी उदगीरजवळच्या गावातली, किरगिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला एमबीबीएसला आहे, चौथं वर्ष चालूय. दरवर्षी नवी बॅच आली की ज्युनियरांचे तेच ते मेसेज यायलेत, ताई ओशला (हे दक्षिणेकडचं मोठं शहर) कसं जायचं, इसिक-कुलला (तलावाला) किती पैसे लागतात, पोरी पोरी गेल्या तर चालतं का, रात्रीची गाडी धरावी का. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा म्हणलं एकदाच सगळं नीट लिहून टाकावं. लातूर, नांदेड, परभणी, बीडकडून जी लेकरं पहिल्यांदा गावाबाहेर निघून डायरेक्ट परदेशात यायलेत त्यांच्यासाठी हे आहे, आणि त्यांच्या आईबापांनी वाचलं तरी चालेल, उलट वाचाच.

पहिली गोष्ट म्हणजे घाबरू नका, ही विद्या तुम्हाला येते. उदगीरहून देवणीला, जळकोटला जाताना काळी-पिवळीत, म्हणजे शेअर जीपमध्ये, बसलोय ना आपण? ड्रायव्हर गावाचं नाव घेऊन ओरडायला, दोन शिटं कमी आहेत म्हणून गाडी हलत नाही, कुणीतरी म्हातारं माणूस म्हणायलं "आता काढ की रं बाबा", आणि शेवटचं शीट भरलं की लगेच स्टार्टर. बिश्केकमधल्याच ओश बाजाराच्या बाजूला जिथून ओशच्या गाड्या निघतात तिथं मी पहिल्यांदा गेले तेव्हा हेच सगळं दिसलं. "ओश, ओश, ओश" असा गलका, टोपी घातलेले ड्रायव्हर, गाडीच्या दाराला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलायलेले. फरक एवढाच की पाटी रशियन लिपीतली आणि गाडी क्रूझरच्या जागी होंडा. तर गाडी भरल्याशिवाय निघत नाही हा नियम तिथंही तोच, आणि तुमचे पैसे, तुमचा वेळ, तुमची सेफ्टी सगळं त्या एका नियमाभोवती फिरतं. तो नीट समजून घेतला की अर्धं काम झालं.

आधी कुठं काय चालतं ते सांगते. शहराच्या आत शेअर टॅक्सी नाही लागत. बिश्केकमध्ये मोठ्या बसा आहेत, त्याला तुलपार नावाचं कार्ड चालतं, आणि मार्शरुत्का म्हणून मिनीबस असतात, स्प्रिंटर टाइपच्या, त्या आता आधीपेक्षा कमी झाल्यात. रात्री उशिरा किंवा सामान असेल तर यांडेक्स गो नाहीतर इनड्राइव्ह या अ‍ॅपवरून टॅक्सी. कुठल्या नंबरची बस कुठं जाते ते टूजीआयएस अ‍ॅपमध्ये बघायचं, त्याचा मॅप आधीच डाउनलोड करून ठेवा म्हणजे नेट नसलं तरी चालतो. मार्शरुत्कात गर्दी असली की मागचा माणूस पैसे पुढच्याच्या हातात देतो, "पेरेदायते, पजालुस्ता" म्हणजे पुढं द्या, आणि ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातात, सुट्टे पैसे तसेच हातोहात मागं येतात. तुमच्या हातात आले तर गोंधळून बघत बसू नका, पुढं सरकवा. आणि म्हातारं माणूस चढलं की उठायचं, लगेच. तिथली पोरं सांगायची वाट बघत नाहीत.

मनास विमानतळावर उतरल्यावर पण शेअर टॅक्सीच्या नादी लागू नका. विमानतळ शहरापासून साधारण २५-३० किलोमीटर आहे, बाहेर आलं की टॅक्सी टॅक्सी करत माणसं मागं लागतात आणि नव्या पोराला बघून काहीही आकडा सांगतात. सिनियर घ्यायला येणार असेल तर तो दिसेपर्यंत आतच थांबा, नाहीतर आतल्या वायफायवर अ‍ॅपमधून गाडी बोलवा.

शेअर टॅक्सी खरी लागते ती गावाहून गावाला जायला. आपल्या मुलांच्या दोनच लाइनी मुख्य. एक बिश्केक ते इसिक-कुल तलाव, म्हणजे चोल्पोन-आता किंवा पार काराकोलपर्यंत, काराकोल साधारण ४०० किलोमीटर. या लाइनीला मार्शरुत्कापण असते, पश्चिमेकडच्या मोठ्या बसस्टँडवरून सुटते, शेअर टॅक्सीपण तिथंच. हा रस्ता बरा आहे, दिवसा गेलं तर पहिल्या वर्षाच्या पोरांनी पण जायला हरकत नाही. दुसरी लाइन बिश्केक ते ओश, सहाशे किलोमीटरच्या वर, दहा-बारा तास, मध्ये मोठे घाट. ओशलाही आपली मराठी पोरं खूप आहेत म्हणून सणासुदीला इकडचे तिकडं, तिकडचे इकडं सारखं चालू असतं. खाली जे सांगायलेय ते जास्त करून या ओशच्या लाइनीबद्दल आहे कारण जपायचं इथंच लागतं. विमानही आहे बरं का, पाऊण तासात नेऊन सोडतं. थंडीत, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, माझं स्पष्ट मत आहे की पैसे साठवा आणि विमानानंच जा. घरी पैसे मागायला जीव होत नाही हे मला माहितंय, सोयाबीनचा भाव काय मिळायला तेही माहितंय, तरी हे एक तिकीट मागा.

आता भाव कसा करायचा. स्टँडवर पाय ठेवला की तीन-चार ड्रायव्हर अंगावर येतात आणि त्यातला एखादा सरळ तुमच्या हातातली बॅग धरतो. बॅग सोडायची नाही. भांडायचं पण नाही, हसून "न्येत, स्पासिबा" म्हणायचं आणि बॅग पोटाशी धरून पुढं चालायचं. कारण एकदा का बॅग डिकीत गेली आणि डिकी बंद झाली की तुम्ही त्या गाडीचे झालात, मग गाडीत एकटेच असाल तरी तीन तास तिथंच. आपल्याकडं यष्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, तिथं ड्रायव्हर तुमची बॅग टाकून तुम्हाला धरतो, एवढं लक्षात ठेवा.

मग विचारायचं काय, तर किती रुपये हे आधी नाही विचारायचं. आधी विचारायचं "स्कोल्का चिलाव्येक ने ख्वातायेत?" म्हणजे किती माणसं कमी आहेत. ड्रायव्हर सगळेच "अदीन" म्हणतात, एकच कमी, एकच कमी. विश्वास नाही ठेवायचा, गाडीजवळ जाऊन आत बघायचं खरंच माणसं बसलीत का. सामान दिसतंय का, आत बसलेली बाई खरंच प्रवासी आहे का शेजारच्या दुकानातली गप्पा मारायला बसलीय. जिच्यात खरंच एकदोन शिटं कमी आहेत ती आपली गाडी. त्यानंतर "स्कोल्का दा ओशा, झा अदनो मेस्ता?" म्हणजे ओशपर्यंत एका शिटाचे किती. किरगिझमध्ये नुसतं "कान्चा?" म्हणलं तरी कळतं. हे "एका शिटाचे" म्हणणं गरजेचं आहे कारण तुम्ही तिघं असाल आणि नुसतं किती विचारलं तर नंतर तो आकडा कशाचा होता यावर वाद होतो. आकडा मोबाईलवर टाइप करून दाखवा, त्यानं मान हलवली की स्क्रीनशॉट. तिथल्या सोमची, म्हणजे तिथल्या चलनाची, किंमत आपल्या रुपयाच्या जवळपासच आहे त्यामुळं हिशोब डोक्यात पटकन बसतो, ते एक बरंय.

भाव सीझनवर, पेट्रोलवर, बर्फावर बदलतो म्हणून मी आकडा देऊन तुम्हाला अडकवत नाही. निघायच्या आदल्या दिवशी हॉस्टेलच्या गेटवरच्या गार्डला, नाहीतर कॉलेजातल्या एखाद्या किरगिझ मैत्रिणीला विचारा की आता ओशचं शीट काय चाललंय. मी तसंच करते. स्थानिक माणसानं सांगितलेल्यापेक्षा शंभर-दोनशे जास्त सांगितले तर मी वाद घालत बसत नाही, पाचशे जास्त सांगितले तर पुढच्या गाडीकडं वळते, आणि वळलं की बऱ्याचदा मागून हाक येतेच. पुढच्या शिटाला जास्त घेतात, ती फसवणूक नाही, पद्धतच आहे.

शीट भरत नसेल तर एक उपाय सांगते, हा आपल्या पोरांना सुचत नाही. समजा गाडी सहा शिटाची, पाच आलेत आणि तास झाला तरी सहावा मिळेना. शीट १८०० चं असेल तर ते १८०० पाच जणांनी वाटून घ्यायचे, डोक्याला ३६० पडतात, आणि गाडी लगेच निघते. आपल्याला वाटतं ३६० कशाला घालायचे, बसू अजून तासभर. पण तो तासभर सकाळी घालवला की तोच तास संध्याकाळी अंधारात घाटाच्या रस्त्यावर भोगावा लागतो. मी आता सरळ स्वतःहून बोलते, बाकीच्या प्रवाशांनाही घाई असतेच, कुणी तोंड उघडत नाही एवढंच. तुम्ही चारजण एकत्र असाल तर त्याहून सोपं, होंडा फिटसारखी चार शिटाची छोटी गाडी "व्स्या मशीना" म्हणजे पूर्ण गाडी ठरवा, तुम्ही म्हणाल तेव्हा निघते, म्हणाल तिथं थांबते. पोरी पोरी असाल तर मी हेच सांगेन.

पैसे शेवटी. हे मी मोठ्यानं सांगायलेय कारण मला याचा मार बसलाय. नोव्हेंबर २०२३, मी दुसऱ्या वर्षाला. ७ आणि ८ नोव्हेंबरला तिथं सरकारी सुट्टी होती आणि दिवाळी तोंडावर आली होती, म्हणून मी आणि परभणीची रूममेट ओशला माझ्या गावच्या मैत्रिणीकडं फराळाला निघालो. ड्रायव्हर म्हणला पेट्रोल भरायचंय, पूर्ण पैसे द्या, आम्ही दिले. रस्त्यातल्या तोक्तोगुलच्या अलीकडं एका धाब्यापाशी त्यानं आमच्या बॅगा काढून दुसऱ्या गाडीत ठेवल्या, हातानं खुणा केल्या की याच्यात बसा, आणि गाडी वळवून बिश्केककडं निघून पण गेला. दुसरा ड्रायव्हर ओशला पोचल्यावर आमच्याकडं परत पैसे मागायला लागला, त्याचं म्हणणं पहिल्यानं त्याला निम्मेच दिलेत. रात्रीचे नऊ वाजलेले, भाषा धड येत नाही, रूममेट रडायला लागली. शेवटी गाडीतल्याच एका आजीनं त्या ड्रायव्हरला असं काही झापलं की तो गप बॅगा काढून द्यायला लागला. त्या आजीचं नावसुद्धा मला माहिती नाही, पण ती नसती तर आम्ही परत पैसे भरले असते. तेव्हापासून पेट्रोलला मागितले तर जास्तीत जास्त निम्मे देते, बाकीचे "झाप्लाचू ताम", तिथं पोचल्यावर देईन. आणि मध्येच गाडी बदला म्हणला तर आधी त्या दोन्ही ड्रायव्हरांना समोरासमोर उभं करून बाकीचे पैसे कुणाला द्यायचे ते ठरवायचं, मगच बॅग हलू द्यायची. गाडी बदलणं तसं नेहमीचंच आहे, त्याला परतीचं गिऱ्हाईक मिळालं की तो बदलतो, त्यात घाबरण्यासारखं नसतं, हिशोब साफ पाहिजे.

पैसे रोख ठेवा, दोनशे-पाचशेच्या नोटा. एमबँकच्या अ‍ॅपवरून पण बरेच ड्रायव्हर घेतात, पण डोंगरात नेट नसतं.

बसण्याआधी गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर आणि रूममेटला पाठवायचा. ड्रायव्हरच्या डोळ्यादेखत काढा, लपून नाही, कुणी रागावत नाही. प्लेटवर पहिले दोन आकडे असतात ते भागाचे, ०१ म्हणजे बिश्केक, ०२ म्हणजे ओश शहर, जसं आपल्याकडं एमएच २४ लातूर, २६ नांदेड, २२ परभणी. हे कशाला बघायचं, तर ०२ ची गाडी बिश्केकहून ओशला निघाली असेल तर तो ड्रायव्हर घरी चाललाय, रस्ता त्याच्या पायाखालचा आहे आणि मध्येच परत फिरायची शक्यता कमी. हा माझा स्वतःचा ठोकताळा आहे, पण आतापर्यंत कामाला आलाय.

टायर बघा. शेतकऱ्याच्या लेकरांना टायर बघायला शिकवावं लागत नाही, ट्रॅक्टरचा गुळगुळीत झालेला टायर आपण लांबून ओळखतो. ऑक्टोबरनंतर नक्षी गेलेल्या टायरच्या गाडीत बसायचं नाही, ड्रायव्हर कितीही गोड बोलला तरी.

आता जागा कुठली धरायची हे. किरगिझस्तानात गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात, आपल्या उलट. पण तिथं जपानमधून आलेल्या जुन्या गाड्या ढीगभर आहेत, होंडा स्टेपवॅगन, होंडा फिट, आणि त्यांचं स्टेअरिंग आपल्यासारखं उजवीकडं. आता विचार करा, गाडी उजव्या कडेनं चाललीय आणि ड्रायव्हरपण उजवीकडंच बसलाय, म्हणजे तो रस्त्याच्या कडेला आहे आणि मधल्या पट्ट्याच्या बाजूला प्रवासी. पुढं ट्रक असला की ओव्हरटेक करताना समोरून येणारं ड्रायव्हरला दिसतच नाही, आधी डाव्या शिटावरच्या प्रवाशाला दिसतं. मी एकदा त्या पुढच्या डाव्या शिटावर बसले होते. ड्रायव्हर ट्रकच्या मागून जरा जरा डावीकडं सरकायचा आणि माझ्याकडं बघायचा, मला वाटलं काय बघायला हा, मग कळलं की तो विचारायलाय, मोकळं आहे का. चार तास मी मान हलवून हो-नाही करत होते आणि हात घामानं ओले. त्यामुळं मी सांगते, शक्य असेल तर स्टेअरिंग डावीकडं असलेली गाडी धरा. उजव्या स्टेअरिंगची मिळाली तर मधल्या रांगेत खिडकीला बसा आणि पुढच्या शिटावर एखादा मोठा तिथलाच माणूस बसू द्या. सगळ्यात मागच्या रांगेत घाटात पोटातलं सगळं वर येतं.

बेल्ट असतो पण शिटाच्या कव्हरखाली दाबलेला असतो. बोटं घालून उकरून काढायचा. "रेमेन" म्हणलं की ड्रायव्हर काढून देतो, कधी कधी म्हणतो नको गं लागत नाही, तरी लावायचा. काळी-पिवळीत आपण चौदा-पंधरा जण बसलोय, मागच्या पायरीवर उभं राहून गेलोय, म्हणून बेल्टची सवय नाही, ती इथं लावून घ्या.

आणि दार. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्या जीपचं दार जोरात आपटल्याशिवाय लागतच नाही, हाताला तीच सवय. मी पहिल्यांदा त्याच जोरात आपटलं तर ड्रायव्हरनं असं बघितलं की जणू मी त्याच्या लेकराला मारलं. तिथं गाडीचं दार हळू लावायचं, अगदी फ्रिजचं लावतो तसं. एवढ्या एका गोष्टीनं ड्रायव्हर दिवसभर तुमच्याशी चांगला वागतो, खोटं नाही सांगत.

बोलवायचं कसं, तर ड्रायव्हर आपल्यापेक्षा मोठा असला की "बायके". आपल्या कानाला विचित्र वाटतं पण त्याचा अर्थ दादा. मोठ्या बाईला "एजे", म्हणजे ताई. नुसतं "ए टॅक्सी" करण्यात आणि "बायके" म्हणण्यात तेवढाच फरक आहे जेवढा आपल्याकडं "ओ ड्रायव्हर" आणि "मामा" मध्ये. थँक्यूला "राखमत". थांबवायला रशियनमध्ये "अस्तानाविते, पजालुस्ता". हळू चालवा म्हणायला "बायके, अकीरीन", हे दोन शब्द पाठच करा. बरं वाटत नसेल तर "म्न्ये प्लोखा". निघताना गाडीतले सगळे दोन्ही हात चेहऱ्यावरून खाली फिरवतात, "ओमीन" म्हणतात, प्रवास नीट होऊ दे म्हणून. आपण गाडीत बसल्यावर हात जोडतो तसंच ते. मी तेव्हा मनातल्या मनात आमच्या उदागीरबाबाचं नाव घेते.

पोरींसाठी थोडं वेगळं. गाडी निवडताना आत एखादी एजे किंवा कुटुंब आहे का ते बघा, असेल तर भाव थोडा जास्त असला तरी तीच. तिच्या शेजारी बसायचंय असं ड्रायव्हरला खुणेनं सांगा, तो स्वतः माणसं उठवून जागा बदलून देतो, यात लाजायचं नाही. सगळे पुरुष असलेल्या गाडीत एकटीनं बसू नका, दुसरी गाडी मिळतेच. गाडीतून दारूचा वास आला, ड्रायव्हर झोपाळलेला वाटला, किंवा भाव ठरल्यावर "माझा एक मित्र पण येणारे" असं चालू झालं, तर बॅग उचलायची आणि उतरायचं, कारण द्यायची गरज नाही. आपल्याकडं पोरींना शिकवलेलं असतं की माणसाला वाईट वाटेल असं वागू नये. अनोळखी ड्रायव्हरला वाईट वाटलं तर वाटू द्या.

वेळ म्हणाल तर पहाटे. स्टँडवर सहा-साडेसहाला हजर पाहिजे म्हणजे सातला गाडी निघते. संध्याकाळी निघून रात्रभर चालवत सकाळी पोचवणाऱ्या गाड्या भरपूर असतात, हॉस्टेलचे पैसे वाचतात म्हणून पोरं त्या धरतात. मी कधीच नाही धरली आणि धरू देणार पण नाही. तो ड्रायव्हर बऱ्याचदा आदल्या रात्री तिकडून इकडं चालवत आलेला असतो. कारा-बाल्टा सोडलं की तो-आशूचा घाट लागतो, वर ३००० मीटरच्या पुढं अडीच किलोमीटरच्या आसपास लांब बोगदा आहे, मग सुसामीरचं पठार, मग आला-बेलची खिंड, तीही ३००० च्या वर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे अंदाज करा. बिश्केक साधारण ८०० मीटरवर आहे, तिथून तीन-चार तासात एवढं वर जातो. नोव्हेंबरपासून पुढं या खिंडींत कधीही बर्फ पडतो, दरडीसारखा बर्फ खाली येतो म्हणून रस्ता बंद करतात, मग बोगद्याच्या अलीकडं ट्रकांची रांग. सकाळी निघालं तर दोन्ही खिंडी दुपारी दोनच्या आत मागं पडतात आणि पुढं उतार, तोक्तोगुलच्या धरणाला रस्ता मोठा वळसा घालतो. ते निळं पाणी बघितलं ना, की मांजरा धरणाच्या तळाला भेगा पडलेल्या बघितलेल्या माणसाला काय वाटतं ते मी सांगू शकत नाही, मी तर नुसती बघतच राहिले.

बोगद्यात शिरायच्या आधी खिडकी बंद करा, ट्रकांचा धूर कोंडलेला असतो.

उलटीचा त्रास असेल तर अ‍ॅव्होमिन घरूनच आणा, घाटाच्या तासभर आधी घ्या. पण एक लक्षात ठेवा, त्यानं झोप येते. एकटी पोरगी असेल तर गोळी घेऊन गाढ झोपणं बरं नाही, म्हणून अशा वेळी सोबत कुणीतरी जागं पाहिजे. मी गोळीऐवजी सकाळी थोडंसंच खाते, लांबवर नजर ठेवते, मोबाईलवर रील बघत नाही. वर गेल्यावर डोकं जड होतं, पाणी घोट घोट पीत राहायचं. दमा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

जॅकेट, मोजे, टोपी, हातमोजे डिकीत टाकू नका, मांडीवर ठेवा. खाली बिश्केकला ऊन असतं म्हणून पोरं सगळं बॅगेत भरतात आणि वर गाडी तासभर थांबली की कुडकुडत बसतात. आपण मे महिन्यात ४२ डिग्रीत वाढलेली माणसं, थंडी म्हणजे काय ते आपल्याला अंगावर आल्यावरच कळतं. पासपोर्टची झेरॉक्स आणि स्टुडंट कार्ड खिशात, मूळ पासपोर्ट आतल्या कप्प्यात, डिकीतल्या बॅगेत कधीच नाही.

जेवायला गाडी कुठल्यातरी अशकानापाशी थांबते, म्हणजे खानावळ. लाग्मान, मांती, साम्सा, सगळ्यात मटण. व्हेज खाणाऱ्यांनी "ब्येज म्यासा" म्हणून सांगा, पण मिळतं काय तर चहा, गोल नान, टोमॅटो-काकडी, अंडं. कधी कधी मांस काढून तोच रस्सा देतात, त्यांच्या मनात काही वाईट नसतं, त्यांना ते व्हेजच वाटतं. म्हणून मी डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेते. मागच्या वेळी गाडीतल्या एका एजेनं तिचा नान मोडून सगळ्यांना एक एक तुकडा दिला, मला पण दिला, मग मी धपाट्याचा तुकडा दिला. तिनं चटणीत बुडवून खाल्ला, डोळ्यातून पाणी आलं तिच्या, तरी अजून मागितला. नान कुणी दिला तर नाही म्हणू नका, आणि तो पालथा ठेवू नका, तिथं ते अन्नाचा अपमान समजतात. उन्हाळ्यात सुसामीरला रस्त्याच्या कडेला घोडीचं आंबवलेलं दूध विकतात, किमिझ म्हणतात त्याला. चव घ्यायची असेल तर परतीच्या प्रवासात, शेवटच्या टप्प्यात घ्या, घाटाच्या आधी अजिबात नको.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा की डोंगरात दोन-तीन तास फोन लागत नाही. हे न सांगता गेले होते मी, तर माझ्या आईनं तेवढ्या वेळात लातूरच्या एजंटाला, माझ्या रूममेटच्या मामाला, सगळ्यांना फोन लावले होते. तिथली वेळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढं आहे. मी आता कारा-बाल्टाला एक मेसेज टाकते, तोक्तोगुलला एक आणि पोचल्यावर एक. घरच्यांना ही तीन नावं माहितीयत, त्यांना तेवढं पुरतं.

इमर्जन्सीला तिथं पोलीस १०२, अँब्युलन्स १०३. भारतीय दूतावास बिश्केकला आहे, त्यांचा चोवीस तासाचा नंबर त्यांच्या साइटवरून घेऊन मोबाईलमध्ये आणि कागदावर पण लिहून ठेवा. मे २०२४ ला बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांवर जमावानं हल्ले केले, तेव्हा दूतावासानं घरातच थांबा म्हणून सांगितलं होतं. आम्ही खोलीतले लाइट बंद करून बसलो होतो. असं काही वातावरण असलं की शेअर टॅक्सी, मार्शरुत्का, स्टँड सगळं बंद, कितीही महत्त्वाचं काम असलं तरी. सूचना मागं घेतली की मगच बाहेर. बाकी रोजच्या प्रवासात मला तिथल्या माणसांकडून त्रासापेक्षा माया जास्त मिळालीय हेही तेवढंच खरं आहे.

ओशला पोचताना ड्रायव्हर शहराच्या तोंडालाच सगळ्यांना उतरवायला बघतो. भाव ठरवतानाच हॉस्टेलचं ठिकाण मॅपवर दाखवून तिथपर्यंत सोडणार का विचारून ठेवलेलं असलं तर बरं, नाहीतर तिथून शहरातली टॅक्सी करायची आणि ते पैसे वेगळे. उतरल्यावर आधी बॅगा मोजायच्या, सगळ्या हातात आल्या की मग उरलेले पैसे द्यायचे. शीटवर चाचपून बघायचं, मोबाईल बऱ्याचदा बेल्टच्या फटीत घसरलेला असतो.

आणि ड्रायव्हर चांगला निघाला, हळू चालवणारा, शब्दाला पक्का, तर त्याचा नंबर मागून घ्या. आमच्याकडं असे दोन बायके आहेत, त्यांचे नंबर सिनियरनं मला दिले, मी माझ्या ज्युनियरला दिलेत. आदल्या दिवशी फोन केला की ते शीट धरून ठेवतात आणि सकाळी हॉस्टेलच्या गेटपाशी येऊन थांबतात. ज्याला पाहिजे त्यानं मला मेसेज करा, पण निघायची तारीख नक्की असेल तरच, उगं त्यांना दोनदा फोन करून नाही म्हणायला मला आवडत नाही.